पोटात पाणी झालंय, मग वरून सलाइन कशाला? शरीरातल्या पाण्याचा हिशेब

पावसाळा सुरू होऊन दीड-दोन महिने झाले की पुण्यात डेंग्यूचे पेशंट वाढायला लागतात आणि दिवाळीपर्यंत ते चालूच राहतं. या दिवसांत कुठल्याही हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकड्यावर जरा वेळ बसलं, तर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतो: "प्लेटलेट्स किती आल्या?" प्लेटलेट्स म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशी. आकडा कळला की तो लगेच फॅमिली ग्रुपवर जातो. मग कुणी पपईच्या पानांचा रस सुचवतं, कुणी किवी घेऊन येतं.

थोड्या वेळाने सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडतो. पोटात थोडं पाणी, उजव्या फुप्फुसाभोवती पाणी, पित्ताशयाची भिंत जाड, असं काहीबाही त्यात असतं. आणि डॉक्टर म्हणतात, "अंगातलं पाणी कमी पडतंय, सलाइन वाढवतोय."

"अहो डॉक्टर, पोटात पाणी झालंय म्हणता आणि वरून सलाइन चढवता? आधी ते पाणी काढायला नको का?"

हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला घाईत दिलेलं उत्तर कुणालाच पटत नाही. एकाच माणसाच्या अंगात एकाच वेळी पाणी जास्तही असू शकतं आणि कमीही. एकूण पाणी किती, यापेक्षा ते कुठे आहे यावर जिवाचा धोका ठरतो. डेंग्यू असो, पायावरची सूज असो किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं "सोडियम कमी होणं" असो, गुंता सगळीकडे हाच आहे.

अंगात पाणी किती आणि ते असतं कुठे?

60 किलो वजनाचा एक तरुण पुरुष धरा. त्याच्या वजनातला साधारण 60 टक्के भाग पाणी, म्हणजे सुमारे 36 लिटर. त्यातलं 24 लिटर पाणी पेशींच्या आत असतं. स्नायू, मेंदू, यकृत, कातडी हे सगळं पेशींचं बनलेलं, आणि दोन तृतीयांश पाणी त्यांच्या पोटात.

उरलं 12 लिटर. त्यातलं नऊएक लिटर पेशी आणि रक्तवाहिन्या यांच्यामधल्या फटींत असतं. याला इथून पुढे आपण फटींतलं पाणी म्हणू. रक्तवाहिन्यांच्या आत जे खेळतं, ते जेमतेम तीन लिटर. रक्तातून लाल-पांढऱ्या पेशी बाजूला काढल्या की जो पिवळसर पातळ भाग उरतो तो हा रक्तद्रव, म्हणजेच प्लाझ्मा. मेंदूभोवतीचं, सांध्यांतलं, डोळ्यांतलं पाणी वेगळं मोजतात, पण ते फार थोडं असतं. मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी तर सगळं मिळून दीडशे मिलिलिटरच्या आसपास.

हे प्रमाण प्रत्येकाचं सारखं नसतं. स्नायूंत पाणी भरपूर असतं, चरबीत फारच कमी. बायकांच्या अंगात चरबीचा वाटा थोडा जास्त, म्हणून पाणी 50-55 टक्के. वय वाढलं की स्नायू झडतात आणि हा आकडा आणखी खाली येतो. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या अंगात मात्र 75 टक्क्यांच्या आसपास पाणी, आणि त्यातलं बरंचसं पेशींच्या बाहेर. बाहेरचं पाणी पटकन निघून जातं. दोन-चार जुलाब झाले की तान्हं मूल कोमेजतं ते यामुळे.

तीन लिटरांवर सगळा डोलारा

36 लिटरांपैकी तीन लिटर म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण पुणेकराला हे समजायला मुठा उजवा कालवा पुरे. खडकवासल्यातून निघून तो शहराच्या पोटातून हडपसरकडे आणि पुढे दौंड-इंदापूरकडे जातो. कालव्यात कुठल्याही क्षणी जेवढं पाणी असतं, त्याच्या कितीतरी पट पाणी आजूबाजूच्या जमिनीत आणि उभ्या पिकांत मुरलेलं असतं. तरी आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरावीक काळाने कालव्यात सोडलेलं पाणी, थांबलं की सगळी शेती सुकते, कारण शेतापर्यंत पाणी पोचवायला दुसरा मार्ग नाही.

आता हा कालवा जागोजागी पाझरतोय असं धरा. काठालगतची जमीन उपळते, पिकाची मुळं कुजतात. त्याच वेळी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, गावांना मात्र पाणी पोचत नाही. वरच्याकडे चिखल आणि खालच्याकडे कोरडं, दोन्ही एकाच आवर्तनात. टेलला पाणी द्यायचं तर धरणातून विसर्ग वाढवावा लागतो, आणि विसर्ग वाढवला की पाझरही वाढतो. वाढवल्याशिवाय मात्र गत्यंतर नाही.

शरीरात रक्तद्रव म्हणजे कालव्यातलं पाणी, फटींतलं पाणी म्हणजे जमिनीतली ओल आणि पेशी म्हणजे पीक. टेलचं गाव म्हणजे मूत्रपिंड, आतडी, मेंदू. पोटात किंवा फुप्फुसाभोवती साठलेलं पाणी म्हणजे काठालगतचा चिखल. ते पाणी अंगातच असतं, पण रक्ताभिसरणाच्या काही कामाचं नसतं. सुई घालून ते उपसलं तरी कालवा भरत नाही. उलट डेंग्यूत रक्तस्रावाची भीती असते, म्हणून अगदी नाइलाज असल्याशिवाय डॉक्टर त्या वाटेला जात नाहीत.

पाणी आपापल्या जागी थांबतं कसं?

पाणी स्वतःहून एका जागी राहत नाही. विरघळलेल्या पदार्थांच्या मागे ते जातं. जिकडे क्षार जास्त, तिकडे पाणी.

पेशीच्या बाहेर सोडियमचं राज्य आहे, आत पोटॅशियमचं. रक्ताच्या रिपोर्टमध्ये सोडियम 135 ते 145 आणि पोटॅशियम 3.5 ते 5 असं लिहिलेलं असतं, ते बाहेरचं प्रमाण. पेशीच्या आत चित्र बरोबर उलटं असतं. हा फरक टिकवायला प्रत्येक पेशीच्या भिंतीत अक्षरशः पंप बसवलेले आहेत. एका फेरीत तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत, हे काम रात्रंदिवस चालू असतं. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी 1957 मध्ये या पंपाची ओळख पटवली आणि त्यासाठी 1997 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. आपण झोपलेलो असतो तेव्हाही अंगातली बरीच ऊर्जा या पंपांवर खर्च होत असते.

पेशीच्या आत-बाहेरची गोष्ट ही अशी. रक्तवाहिनी आणि फट यांच्यामध्ये मात्र सोडियमचा उपयोग होत नाही, कारण सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांच्या, म्हणजे केशवाहिन्यांच्या, भिंतीतून सोडियम सहज ये-जा करतं. तिथे पाणी धरून ठेवतं ते अल्ब्युमिन. हे यकृतात तयार होणारं प्रथिन आकाराने मोठं असल्यामुळे भिंतीतून फारसं निसटत नाही, आणि आत राहून पाण्याला आत ओढतं. हृदयाच्या दाबाने पाणी बाहेर ढकललं जातं, अल्ब्युमिन ते आत खेचतं. ही रस्सीखेच अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने 1896 मध्ये मांडली. तरीही रोज काही लिटर पाणी बाहेर पाझरतंच. ते गोळा करून मानेजवळच्या शिरेत परत सोडायला लसिकावाहिन्यांचं वेगळं जाळं आहे.

डेंग्यूत नेमकं बिघडतं काय?

केशवाहिन्यांच्या भिंतीला आतून एक नाजूक अस्तर असतं. डेंग्यूच्या विषाणूचं एनएस-1 नावाचं प्रथिन त्या अस्तराला इजा करतं. पहिल्या दिवसांत जी "एनएस-1" तपासणी करतात, ती याच प्रथिनाची. शरीराने विषाणूविरुद्ध सोडलेली रसायनंही भिंत सैल करतात. मग एरवी आत राहणारं अल्ब्युमिनसुद्धा बाहेर पडतं आणि त्याच्यामागून पाणी. पित्ताशयाची भिंत जाड दिसते ती या पाझरामुळे फुगलेली असते. ते वाचून पुष्कळ घरांत "आता पित्ताशयाचं ऑपरेशन का?" अशी धास्ती बसते. डेंग्यूमुळे आलेली ही सूज बहुतेक वेळा आपली आपण जाते.

या पाझराची वेळ फसवी असते. ताप चढलेला असतो तेव्हा तो नसतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरतो त्याच सुमाराला तो सुरू होतो आणि 24 ते 48 तास चालतो. घरचे म्हणतात, "ताप गेला, सुटलो." खरं तर हेच दोन दिवस डोळ्यांत तेल घालून बघायचे असतात. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, पेशंट एकदम मलूल होणं किंवा अस्वस्थ होऊन तळमळणं, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. तापासाठी पॅरासिटामॉल चालतं. आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिनसारखी दुखण्याची औषधं या काळात रक्तस्राव वाढवू शकतात, ती मनाने घेऊ नयेत.

मग प्लेटलेट्स बघायच्याच नाहीत का?

बघायच्या. पण त्याच रिपोर्टमध्ये जरा वर पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट नावाचा आकडा असतो, त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के, हे तो सांगतो. रक्तद्रव पाझरला तरी लाल पेशी आतच राहतात, त्यामुळे रक्त दाट होतं आणि हा आकडा चढतो. नेहमी 40 असणारा पीसीव्ही 48 झाला, म्हणजे वीस टक्क्यांनी वाढला, तर पाझर जोरात आहे. कालव्याची पातळी दाखवणारी पट्टी ती हीच.

लोकांना भीती असते ती कालवा फुटण्याची, म्हणजे रक्तस्रावाची. सप्टेंबर 2018 मध्ये जनता वसाहतीजवळ खरोखरच कालव्याची भिंत फुटली आणि दांडेकर पुलाच्या भागात घराघरांत पाणी शिरलं, ते पुणेकर विसरलेले नाहीत. पण डेंग्यूत जास्त वेळा घात होतो तो मुक्या पाझरामुळे. प्लेटलेट्स वीस हजारांवर आल्या, पण पीसीव्ही स्थिर आहे, लघवी नीट होतेय, कुठून रक्त येत नाही, तर पेशंट बऱ्यापैकी सुरक्षित असू शकतो. उलट प्लेटलेट्स ऐंशी हजार असूनही पीसीव्ही चढत असेल तर तो धोक्यात असू शकतो. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट्स साधारण दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय त्या चढवायची सहसा गरज नसते. डॉक्टर नको म्हणत असताना "पिशवी आणतो, लावाच" असा आग्रह धरण्यात पेशंटचं हित नाही.

रक्तदाबही असाच फसवतो. 100/85 हे वाचून वाटतं, ठीकच आहे की. पण वरच्या-खालच्या आकड्यांतलं अंतर 20 किंवा त्याहून कमी झालं, तर कालवा रिकामा होत आल्याची ती खूण आहे.

"काल सलाइन वाढवलं, आज बंद केलं, असं कसं?"

नातेवाईकांना सर्वांत जास्त संशय इथे येतो. दोन दिवस उलटले की केशवाहिन्यांची भिंत सावरते आणि बाहेर गेलेलं पाणी पुढच्या दोन-तीन दिवसांत आपलं आपण रक्तात परत यायला लागतं. आता कालवा आतूनच भरतोय. अशा वेळी सलाइन चालू ठेवलं तर रक्तवाहिन्या तुडुंब होतात, फुप्फुसात पाणी उतरतं आणि बरा होत आलेला माणूस धापा टाकायला लागतो. म्हणून बाटली वेळेवर काढणं हाही उपचारच आहे.

सलाइनबद्दल आणखी एक गोष्ट. एक लिटर सलाइनमध्ये नऊ ग्रॅम मीठ असतं. सोडियम पेशींत टिकत नाही, त्यामुळे हे पाणी पेशींबाहेरच्या 12 लिटरांत वाटलं जातं. थोड्याच वेळात त्यातलं पाव लिटर रक्तवाहिन्यांत राहतं आणि पाऊण लिटर फटींत जातं. ही झाली निरोगी माणसाची गोष्ट, डेंग्यूत आणखी कमी टिकतं. "अशक्तपणा आलाय, एखादं सलाइन लावून द्या" ही मागणी आपल्याकडे सर्रास होते, पण साध्या सलाइनमध्ये मीठ आणि पाण्यापलीकडे काही नसतं. ग्लुकोजची अर्ध्या लिटरची बाटली लावली तरी त्यात साखर 25 ग्रॅम. एका भाकरीत याहून जास्त ताकद आहे.

पाय सुजतात तेव्हा पाणी कमी प्यावं का?

नडगीवर अंगठ्याने दहा सेकंद दाबून धरा. बोट काढल्यावर खळगा राहिला तर फटींत पाणी साठलंय. फटींत दोन-अडीच लिटर जादा जमेपर्यंत डोळ्यांना सूज सहसा दिसतच नाही. वजनकाटा ती आधी दाखवतो, म्हणून हृदयाच्या पेशंटना रोज सकाळी वजन करायला सांगतात.

सूज येण्याची कारणं वर सांगितलेल्या रस्सीखेचीतच आहेत. हृदय थकलं की मागे दाब वाढतो आणि पाणी बाहेर पडतं. मूत्रपिंडातून अल्ब्युमिन लघवीवाटे जायला लागलं, किंवा यकृत ते तयार करेनासं झालं, की आत ओढणारं कुणी उरत नाही. हत्तीरोगात लसिकेची वाट बुजते. दिवसभर काउंटरमागे उभं राहणाऱ्याचे पाय संध्याकाळी सुजतात ते नुसत्या उभं राहण्याने, आणि रात्री पाय वर घेऊन झोपलं की उतरतात.

पाणी कमी करण्याआधी मीठ कमी करायचं, हे मात्र लक्षात ठेवा. अंगात मीठ अडकलं की पाणी त्याच्यामागे अडकणारच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. भाजी आळणी केली आणि ताटात लोणचं, पापड, फरसाण तसंच राहिलं, तर काहीच साधलं नाही. पाण्यावर मर्यादा किती घालायची ते डॉक्टरांनी ठरवायचं.

आजोबांचं सोडियम कमी झालं, मग मीठ खायला द्यायचं?

पुण्यातल्या कितीतरी घरांत हे घडतं. आजोबा दोन दिवसांपासून गप्प-गप्प असतात, मध्येच असंबद्ध बोलतात, चालताना झोक जातो. सगळ्यांना पॅरालिसिसची शंका येते आणि तपासणीत सोडियम 118 निघतं. मग घरात एकच निष्कर्ष: "मीठ बंद केलं होतं ना, म्हणून!"

रिपोर्टमधला सोडियमचा आकडा म्हणजे अंगातलं एकूण मीठ नाही. पाण्याच्या मानाने सोडियम किती, ते तो सांगतो. बहुतेक वेळा मिठापेक्षा पाणी जादा झालेलं असतं. रक्तदाबासाठी दिलेल्या लघवीच्या काही गोळ्या, मनाच्या आजारांवरची काही औषधं, फुप्फुसाचे आजार, थायरॉइड, अशा कितीतरी कारणांनी शरीर पाणी धरून ठेवतं. बाहेरचं पाणी पातळ झालं की ते पेशींत शिरतं आणि पेशी फुगतात. हातापायाच्या पेशी फुगल्या तर फारसं बिघडत नाही, पण मेंदू कवटीत बंद आहे. त्याला फुगायला जागाच नाही, म्हणून भ्रम होतो, फिट येते. मॅरेथॉनमध्ये तहान नसताना नुसतं पाणी पीत राहणाऱ्या धावपटूंनाही हाच धोका असतो. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवणाऱ्या ज्या 488 जणांचं रक्त तपासलं, त्यांतल्या 13 टक्क्यांचं सोडियम कमी निघालं होतं.

"मग लवकर भरून काढा ना, दोन-दोन दिवस कशाला लावता?" कारण मेंदूच्या पेशी या पातळ पाण्याशी जुळवून घेताना आपल्यातले क्षार बाहेर टाकून बसलेल्या असतात. आता बाहेरचं सोडियम झपाट्याने वाढवलं तर त्यांच्यातलं पाणी ओढलं जातं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून 24 तासांत आठ-दहापेक्षा जास्त वाढू न देण्याची काळजी घेतात, आणि म्हणूनच सुई टोचून दर काही तासांनी रक्त घेतात. बिल वाढवायला नव्हे.

रोज आठ ग्लास पाणी प्यायलाच हवं?

असा सगळ्यांना लागू पडणारा आकडा नाही. निरोगी माणसाची मूत्रपिंडं दिवसाला 180 लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत घेतात, इतका हिशेब ती ठेवतात. रक्त एक-दोन टक्क्यांनी दाट झालं तरी तहान लागते. तहान लागेल तेव्हा प्यावं, लघवी फिकट पिवळी असावी, एवढं पुरे. म्हाताऱ्या माणसांची तहान मंदावते. त्यांना मात्र एप्रिल-मेच्या उन्हात आठवणीने विचारावं लागतं, अर्थात हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार नसेल तर.

डेंग्यूत आणि जुलाबात घरी काय प्यायचं?

पेज, सरबत, नारळपाणी चालेल, पण सगळ्यांत भरवशाचं ओआरएस. आतड्याच्या भिंतीत सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत घेणारी दारं असतात, आणि जुलाबातही ती चालू राहतात. या जोडीमागून पाणी आत येतं. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटायला सुरुवात केली. मृत्यू झपाट्याने कमी झाले. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

साखर मात्र मापातच हवी. जास्त झाली तर ती आतड्यात पाणी उलटं खेचते आणि जुलाब वाढतात. कितीतरी वर्षं दुकानांत गोड पेयांचे खोके "ओआरएस" असं नाव मिरवत विकले जात होते आणि आईबाप ते विश्वासाने मुलांना पाजत होते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने अशा पेयांच्या नावात "ओआरएस" हा शब्द वापरायला बंदी घातली. तरी पाकीट घेताना त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते वाचा. एका लिटरच्या पाकिटात मीठ 2.6 ग्रॅम आणि ग्लुकोज 13.5 ग्रॅम असतं, सोबत पोटॅशियम क्लोराइड 1.5 आणि सायट्रेट 2.9 ग्रॅम.

पाकीट मिळालं नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. लिटरचं पाकीट असेल तर ते पूर्ण एका लिटरातच घालायचं, ग्लासात अंदाजाने अर्धं-पाव टाकायचं नाही, कारण मग सोडियम आणि साखरेचं मापच बिघडतं. उलटी होत असेल तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पाजायचं, आणि 24 तासांनी उरलेलं ओतून देऊन नवीन करायचं.